बुडालेल्या जहाजावर स्कुबा डायव्हिंग: 'आयएनएस गुलदार' पाहायला जायचा प्लॅन करण्याआधी हे समजून घ्या

२२ फेब्रुवारी २०२५. कारवारच्या नौदल तळावर एक निवृत्त युद्धनौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या, म्हणजे एमटीडीसीच्या ताब्यात देण्यात आली. नौकेचं नाव 'आयएनएस गुलदार'.

निवृत्त जहाज सहसा भंगारात जातं. गुलदारसाठी वेगळी योजना आखली गेली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ल्याजवळच्या निवती रॉकपाशी तिला समुद्राच्या तळाशी बसवायचं, तिच्यावर समुद्री जीव वाढू द्यायचे आणि पर्यटकांनी पाण्याखाली जाऊन ती पाहायची. या प्रकल्पासाठी केंद्र सरकारने ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले.

मुंबई, नवी मुंबई, पुण्यातून दर हिवाळ्यात मालवणला जाणाऱ्या अनेकांनी तिथे एकदा तरी 'स्कुबा' केलेलं असतं. त्यामुळे "आता गुलदार बघायला जाऊ" असं वाटणं साहजिक आहे. पण मालवणला पंधरा-वीस मिनिटांत उरकणारं स्कुबा आणि बुडालेल्या जहाजावरचं डायव्हिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी पोहता आलं नाही तरी चालतं. दुसऱ्यासाठी प्रशिक्षण लागतं, आणि ते नसेल तर जीव जाऊ शकतो.

म्हणून आधी ही नौका काय आहे, जहाज मुद्दाम बुडवतात कसं, त्याचा समुद्राला फायदा होतो का आणि तिथे जायला तुम्हाला काय काय यावं लागेल, हे एकेक करून पाहू.

आयएनएस गुलदार होती तरी काय?

गुलदार म्हणजे हिंदीत बिबट्या. ही नौका पोलंडमधल्या ग्दिनिया इथे बांधली गेली आणि ३० डिसेंबर १९८५ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. लांबी जवळपास ८४ मीटर, रुंदी साधारण १० मीटर. म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा थोडी लहान.

ही लढाऊ विनाशिका नव्हती, 'लँडिंग शिप' प्रकारातली नौका होती. बंदर नसलेल्या किनाऱ्यावर थेट वाळूत नाक खुपसायचं, पुढचे दरवाजे उघडायचे आणि सैनिक, वाहनं, रणगाडे जमिनीवर उतरवायचे, हे तिचं काम. नौदलाच्या भाषेत याला 'बीचिंग' म्हणतात.

गुलदार, कुंभीर आणि चीता या एकाच वर्गातल्या तीन नौका १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला एकत्रच निवृत्त झाल्या. तिघींनी मिळून १२,३०० हून जास्त दिवस समुद्रात काढले, सुमारे १७ लाख सागरी मैल अंतर कापलं आणि १,३०० हून अधिक वेळा किनाऱ्यावर बीचिंग केलं. श्रीलंकेतली शांतिसेनेची मोहीम आणि २००४ च्या त्सुनामीनंतरचं मदतकार्य यांत या नौका होत्या.

डायव्हिंगच्या दृष्टीने या रचनेचा एक फायदा आहे. सैन्य आणि वाहनं ठेवायची म्हणून अशा नौकेच्या पोटात मोठी मोकळी जागा असते. नीट तयारी केली तर अशी जागा डायव्हरसाठी प्रशस्त दालन ठरते. तयारी न करता बुडवली तर तीच जागा अंधारा सापळा ठरते.

रेक डायव्हिंग म्हणजे काय?

इंग्रजीत बुडालेल्या जहाजाला 'रेक' म्हणतात, म्हणून त्यावरच्या डायव्हिंगला रेक डायव्हिंग. यात ढोबळमानाने दोन प्रकार येतात. पहिला, जहाजाच्या बाहेरून फिरणं. दुसरा, जहाजाच्या आत शिरणं. ऐकायला फरक छोटा वाटतो, धोक्याच्या दृष्टीने तो प्रचंड आहे.

जगातली प्रसिद्ध रेक डायव्हिंगची ठिकाणं बहुतेक उष्ण पाण्यात आहेत. तांबड्या समुद्रात 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज आहे. दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन विमानांनी ते बुडवलं. त्याच्या पोटात आजही लष्करी मोटरसायकली आणि ट्रक ओळीने उभे दिसतात. प्रशांत महासागरातल्या चूक लगूनमध्ये फेब्रुवारी १९४४ मधल्या अमेरिकी हल्ल्यात बुडालेली अनेक जपानी जहाजं एकाच खाडीत पडली आहेत. बालीत तुलांबेनला 'लिबर्टी' नावाचं जहाज किनाऱ्यापासून इतकं जवळ आहे की लोक किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरतात आणि पोहत तिथपर्यंत जातात. त्याचा वरचा भाग उथळ पाण्यात असल्यामुळे नवशिक्यांनाही तो पाहता येतो.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. ग्रान्दे बेटाजवळ एका जुन्या मालवाहू जहाजाचे अवशेष आहेत, डायव्हिंगवाले त्या जागेला 'सूझीज रेक' म्हणतात. याशिवाय दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी गोव्याच्या समुद्रात जुन्या जहाजांचा अभ्यास केला आहे. सुंची रीफजवळ सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत त्यांना तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी सापडली. सेंट जॉर्ज रीफजवळ मंगळूरच्या बासेल मिशनची कौलं सापडली. अशाच मंगळुरी कौलांनी कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी घरं शाकारलेली आहेत.

मुंबईजवळ एवढी जहाजं बुडाली, मग तिथे डायव्हिंग का नाही?

नवी मुंबईकराला हा प्रश्न पडायला हवा. आपल्या समोरच्या समुद्रात बुडालेल्या जहाजांची कमी नाही.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा शेव्याहून निघालेलं 'एमएससी चित्रा' हे कंटेनर जहाज 'खलिजिया' या जहाजाला धडकलं. कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरलं, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रॅक कॅरियर' हे सुमारे ६०,००० टन कोळसा घेऊन जाणारं जहाज मुंबईपासून काही मैलांवर बुडालं आणि त्याचं तेल किनाऱ्याला लागलं.

पण मुंबई बंदराच्या पाण्यात डायव्हिंगची मजा नाही, कारण तिथे काही दिसतच नाही. ठाण्याची आणि धरमतरची खाडी सतत गाळ आणतात, भरती-ओहोटीचा फरक मोठा असल्याने तो गाळ खाली बसायला वेळच मिळत नाही आणि वरून जहाजांची अखंड ये-जा असते. वाशीच्या पुलावरून खाली पाहिलं की पाण्याचा रंग दिसतोच. अशा पाण्यात हात पुढे केला तर आपलीच बोटं दिसायची मारामार. त्यात सांडपाणी आणि औद्योगिक प्रदूषण वेगळंच.

निवतीचा समुद्र त्या मानाने स्वच्छ आहे. वेंगुर्ला रॉक्स हा खडकांचा समूह मुख्य किनाऱ्यापासून आत समुद्रात आहे. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे आणि खडकांभोवती मासे भरपूर असतात. तरी अपेक्षा माफक ठेवा. तांबड्या समुद्राच्या व्हिडिओंत दिसतं तसं निळंशार, तीस मीटरपर्यंत आरपार दिसणारं पाणी कोकणात मिळत नाही. इथे काही दिवस बरं दिसतं, काही दिवस गढूळ असतं. मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत पावसाळ्यामुळे समुद्रातले हे खेळ बंदच असतात.

जहाज मुद्दाम बुडवतात कसं?

व्हॉल्व्ह उघडले, पाणी भरलं, जहाज खाली गेलं. एवढंच असतं तर काम एका दिवसाचं होतं. खरं काम बुडवण्याच्या आधीचं असतं.

पहिली पायरी, सफाई. जुन्या जहाजात इंधन, वंगण आणि सांडपाणी साठलेलं असतं. केबलच्या आवरणात, रंगात आणि उष्णतारोधक थरांत विषारी रसायनं किंवा ॲस्बेस्टॉस असू शकतं. सुटणारं प्लास्टिक, रबर, काच, वायर हे सगळं काढावं लागतं. हे न करता जहाज बुडवलं तर तळाशी एक गळका पिंप ठेवल्यासारखं होतं. चूक लगूनमधली युद्धातली जहाजं बुडून आठ दशकं झाली, तरी काहींमधून अजून तेल झिरपतं. गुलदार हस्तांतरित करतानाच पर्यावरणीय सफाईची जबाबदारी एमटीडीसीवर आली ती याचसाठी.

दुसरी पायरी, कापाकापी. दरवाजे काढले जातात, म्हणजे ते आपटून बंद होऊन कुणी आत अडकणार नाही. भिंतींना मोठी भोकं पाडली जातात. त्यातून उजेड आत येतो, पाणी खेळतं आणि डायव्हरला बाहेर पडायला अनेक वाटा मिळतात. लोंबकळणाऱ्या वायरी काढल्या जातात. काही भाग, जसं इंजिन रूम, वेल्डिंग करून कायमचे बंद केले जातात.

तिसरी पायरी, जागा. तळ सपाट आणि वाळूचा हवा. जिवंत प्रवाळ किंवा खडकावर जहाज ठेवलं तर आहे तेच रीफ चिरडलं जाईल. खोली इतकी हवी की वरून जाणाऱ्या बोटींना धोका नको आणि इतकीही नको की फक्त तज्ज्ञांनाच तिथे जाता येईल. प्रवाह आणि वादळात जहाज हलणार नाही, याचंही गणित करावं लागतं.

चौथी पायरी, प्रत्यक्ष बुडवणं. जहाज सरळ उभं बसलं पाहिजे. हे वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ 'स्पिगेल ग्रोव्ह' हे १५५ मीटर लांबीचं नौदलाचं जहाज मे २००२ मध्ये बुडवायचं ठरलं. ठरलेल्या वेळेआधीच ते पाणी भरून उलटं झालं आणि त्याचं नाक पाण्याबाहेर राहिलं. नंतर बराच खर्च करून ते तळाशी नेलं, पण तिथेही ते कुशीवर आडवं पडलं. २००५ मध्ये 'डेनिस' चक्रीवादळ आलं आणि वादळानेच ते सरळ केलं. सगळ्यांना आनंद झाला, पण त्यातून धडाही मिळाला. एवढं मोठं जहाजही वादळात तळाशी हलू शकतं. अरबी समुद्रातही आता वादळं नवी नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात कोकणाने 'तौक्ते' पाहिलं आहे.

जहाजाचं 'रीफ' होतं म्हणजे काय होतं?

वाळूचा सपाट तळ हा समुद्रातला माळरान समजा. लपायला जागा नाही, चिकटायला आधार नाही. तिथे पोलादाचा उंच सांगाडा ठेवला की काही दिवसांतच त्यावर जिवाणूंचा आणि शेवाळाचा पातळ थर चढतो. मग बार्नेकल, कालवं, शिंपले, स्पंज चिकटू लागतात. त्यांना खायला छोटे मासे येतात आणि छोट्यांच्या मागे गोबरा, तांबोशीसारखे मोठे मासे. हे सगळं काही महिन्यांत दिसू लागतं. कठीण प्रवाळ मात्र फार सावकाश वाढतात, त्यांना वर्षानुवर्षं लागतात.

म्हणून 'जहाज बुडवलं की प्रवाळ बेट तयार' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

शास्त्रज्ञांमध्ये यावर एक जुना वादही आहे. कृत्रिम रीफमुळे समुद्रातले मासे वाढतात की आजूबाजूचे मासे फक्त एका जागी गोळा होतात? दुसरी शक्यता खरी असेल आणि त्या जागी मासेमारीवर काहीच नियम नसतील, तर गोळा झालेले मासे पकडणं सोपं होतं आणि एकूण मासळी कमीच होऊ शकते. थोडक्यात, जहाज नुसतं ठेवून भागत नाही. त्याभोवती काय चालेल आणि काय नाही, हे ठरवून पाळावं लागतं.

चुकीच्या कृत्रिम रीफचं जगातलं सगळ्यात कुप्रसिद्ध उदाहरणही फ्लोरिडाचंच. १९७० च्या दशकात फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात टाकले गेले. कल्पना अशी की त्यावर जीव वाढतील. तसं फारसं झालं नाही. टायर बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, टायर सुटे होऊन जवळच्या खऱ्या प्रवाळांवर जाऊन आपटू लागले. ते काढायचं काम कित्येक वर्षं चाललं.

मच्छीमारांचं काय?

सिंधुदुर्गात समुद्र म्हणजे आधी मासेमारी, मग पर्यटन. मच्छीमाराच्या दृष्टीने तळाशी असलेलं जहाज म्हणजे जाळं अडकण्याची जागा. एकदा जाळं त्यात गुंतलं की हजारो रुपयांचं नुकसान. शिवाय अडकून तुटलेलं जाळं तिथेच राहतं, त्यात मासे आणि कासवं मरत राहतात आणि पुढे डायव्हरलाही तेच जाळं धोक्याचं ठरतं.

दुसरीकडे, याच किनाऱ्यावरच्या कितीतरी मच्छीमार घरांतली मुलं आज स्नॉर्केलिंगच्या बोटी चालवतात, स्कुबाचे गाइड आहेत. त्यांना हा समुद्र तळापासून माहीत आहे. कोणत्या दिवशी पाणी कसं असेल हे ॲपच्या आधी तांडेल सांगतो.

म्हणून अशा प्रकल्पाला विचारायचे खरे प्रश्न तीन. त्या जागी आधी कोण मासेमारी करत होतं आणि त्यांना काय मिळणार? जागेवर बोया आणि खुणा असणार का? आणि डायव्हिंगचे परवाने, नोकऱ्या स्थानिकांना मिळणार की बाहेरच्या कंपन्यांना? या प्रश्नांची उत्तरं चांगली असतील तर जहाजाची राखण करायला गावच पुढे येईल.

'मी मालवणला स्कुबा केलंय.' ते चालेल का?

नाही. कारण समजून घ्या.

मालवण-तारकर्लीला पर्यटकांना जे स्कुबा मिळतं ते बहुतेक वेळा 'अनुभव' प्रकारातलं असतं. पाणी उथळ, प्रशिक्षक तुम्हाला धरून ठेवतो, तुमची हवा, तुमचं वर-खाली होणं सगळं तोच सांभाळतो. तुम्ही श्वास घ्यायचा आणि फोटोला हात हलवायचा. त्यात वाईट काही नाही, समुद्राशी पहिली ओळख म्हणून ते उत्तम आहे. पण त्यात तुम्ही डायव्हिंग शिकलेले नसता. अशा अनुभवासाठी आंतरराष्ट्रीय संस्था साधारण १२ मीटरची कमाल मर्यादा घालतात.

स्वतः डायव्ह करायला 'ओपन वॉटर' कोर्स लागतो. तो केला की १८ मीटरपर्यंत जाता येतं. 'ॲडव्हान्स्ड' केला की ३० मीटर. हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर. जहाजाच्या आत शिरायचं असेल तर रेक डायव्हिंगचं वेगळं प्रशिक्षण. भर समुद्रातलं मोठं जहाज बोटींना अडथळा होऊ नये इतकं खाली ठेवायचं म्हटलं, तर त्याचा तळाचा भाग नवशिक्यांच्या मर्यादेपलीकडे जाणं स्वाभाविक आहे.

खोलीचं एवढं महत्त्व का? साधं गणित करून पाहू.

पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीस मीटरवर ३, तीस मीटरवर ४. जितका दाब जास्त, तितकी प्रत्येक श्वासाला जास्त हवा संपते.

नेहमीचा ११ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने भरला की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. समजा तुम्ही मिनिटाला २० लिटर हवा वापरता. शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे हा नियम धरला तर:

- पृष्ठभागावर: सुमारे ८२ मिनिटं
- १० मीटरवर: सुमारे ४१ मिनिटं
- २० मीटरवर: सुमारे २७ मिनिटं
- ३० मीटरवर: सुमारे २० मिनिटं

यात खाली जाणं, जहाज पाहणं आणि वर येणं सगळं आलं. घाबरलेला माणूस दुप्पट वेगाने श्वास घेतो, म्हणजे वेळ निम्मा.

दुसरी गोष्ट नायट्रोजन. दाबाखाली हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो. सावकाश वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. भरकन वर आलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे रक्तात आणि सांध्यांत तयार होतात. त्यातून वेदना, लकवा, क्वचित मृत्यूही येऊ शकतो. आणि खोलवर घाबरून श्वास रोखून वर उसळलात तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही.

आत शिरण्याचा मोह

मोकळ्या पाण्यात काही बिघडलं तर वर पृष्ठभाग असतो. जहाजाच्या आत डोक्यावर पोलादाचं छत असतं. वर जाण्याआधी बाहेर यावं लागतं, आणि बाहेरची वाट सापडावी लागते.

आत गंजाचा आणि गाळाचा जाड थर साचतो. फिनचा एक चुकीचा फटका बसला की तो उडतो आणि क्षणात काहीच दिसेनासं होतं. टॉर्चचा उजेडही धुक्यात गाडीचा हेडलाइट लावल्यासारखा परत येतो. जहाज तिरकं असेल तर वर-खालीचंही भान सुटतं.

मार्च २००७ मध्ये वर सांगितलेल्या स्पिगेल ग्रोव्हमध्ये चार मित्र आत शिरले. त्यातले तिघे बाहेर आलेच नाहीत. ते नवशिके नव्हते. मुद्दाम सुरक्षित करून बुडवलेल्या जहाजातली ही घटना आहे.

म्हणूनच आत जाणारे प्रशिक्षित डायव्हर काही गोष्टी कधीच सोडत नाहीत. प्रवेशापासून दोरी बांधत जायचं, म्हणजे न दिसताही हाताने चाचपत परत येता येतं. एकापेक्षा जास्त टॉर्च ठेवायचे. आणि हवेचा तृतीयांश नियम: एक भाग जाण्यासाठी, एक परतण्यासाठी, एक अडचणीसाठी. बाकीच्यांनी जहाज बाहेरूनच पाहावं. तसंही माशांची गर्दी, रंग आणि जहाजाचा पूर्ण आकार बाहेरूनच जास्त दिसतो.

परतीचा घाट: ही चूक सहज होते

डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये, हे अनेकांना माहीत असतं. एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्ह केले असतील तर १८ तास थांबावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. चिपी किंवा मोपावरून त्याच संध्याकाळचं तिकीट काढू नका.

पण हाच नियम डोंगरालाही लागू होतो, हे फारसं कुणी सांगत नाही. साधारण ६०० मीटरच्या वरची उंची यात धरली जाते. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. म्हणजे सकाळी समुद्राखाली आणि दुपारी आंबोली किंवा गगनबावडा घाट चढून कोल्हापूरमार्गे पुणे-नवी मुंबई, हा बेत योग्य नाही. डायव्हच्या रात्री किनाऱ्यावरच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी निघा.

बघा, पण हात लावू नका

थिसलगॉर्मचं मोठं नुकसान समुद्राने नाही, पर्यटकांनी केलं. बोटींनी थेट जहाजालाच दोर बांधले आणि त्याचे भाग तुटत गेले. डायव्हरनी आठवण म्हणून वस्तू उचलून नेल्या. युनेस्कोच्या २००१ च्या करारात शंभर वर्षांहून जुने पाण्याखालचे अवशेष शक्यतो जागच्या जागी जपावेत, असं म्हटलं आहे. गुलदार तितकी जुनी नाही, पण शिस्त तीच हवी. बोटींसाठी वेगळे बोये, एका वेळी ठरावीकच डायव्हर आणि वर काहीही आणायचं नाही.

आणखी एक. गुलदार रिकामी करून बुडवण्यासाठी दिलेली नौका आहे. पण रामदाससारखी जहाजं ही कुणाच्या तरी आजी-आजोबांची शेवटची जागा आहे. अपघातात बुडालेल्या जहाजावर कधी जाण्याची वेळ आली तर तिथे सेल्फी स्टिक घेऊन जायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

बुकिंग करण्याआधी काय विचाराल?

सर्वात आधी, गुलदारवरचं डायव्हिंग सुरू आहे का आणि कोणाला परवानगी आहे, हे एमटीडीसीकडून तपासा. किनाऱ्यावर कुणी दाखवलेल्या व्हिडिओवर पैसे भरू नका. मग डायव्हिंग सेंटरला हे विचारा:

- तुम्ही नेणार ती जागा किती खोल आहे आणि माझ्या सर्टिफिकेटला ती चालते का?
- एका प्रशिक्षकामागे किती जण असतील?
- बोटीवर ऑक्सिजन किट आहे का? जवळचं हॉस्पिटल कुठे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो?
- बोटीची प्रवासी क्षमता किती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट आहे का?
- वैद्यकीय फॉर्म भरून घेता का? दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, गर्भधारणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.
- पाणी खराब असेल तर डायव्ह रद्द करून पैसे परत देता का?

शेवटचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पैसे परत मिळणार नसतील तर पर्यटकच "आलोय तर जाऊच" म्हणून हट्ट धरतो.

आणि धोका फक्त पाण्याखाली नसतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. लाइफ जॅकेट बोटीत चढतानाच घालायचं, तळ्यात उतरताना नाही आणि फोटो झाल्यावर काढायचंही नाही.

शिकायचंच असेल तर घाई नको. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. ओपन वॉटर कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो, आधी स्विमिंग पूल आणि मग समुद्र. त्याआधी नवी मुंबईतल्या एखाद्या तरणतलावात दोन-तीन महिने पोहणं पक्कं करा. पाण्यात न घाबरता तरंगता येणं हीच निम्मी तयारी.

गुलदारने जवळपास चार दशकं माणसांना सुखरूप किनाऱ्यावर उतरवायचं काम केलं. तिला भेटायला जाणारा प्रत्येक जणही तसाच सुखरूप किनाऱ्याला लागायला हवा. त्यासाठी जहाजाची तयारी सरकारने करायची आहे आणि आपली तयारी आपण.